खाडीतला माझा वाटा

माझे सासरे आरोंद्याचे. खाडीकाठचा माणूस, अर्धं आयुष्य शेतात गेलेलं आणि अर्धं पाण्यात. मी पूर्व आफ्रिकेत नोकरीला गेलो तेव्हा गावात जो भेटेल तो त्यांना विचारायचा, “जावय थंय काय करतत?” सासरे प्रामाणिक. ते सांगायचे, “थंयच्या लोकांक सांगतत, मासे मारू नका म्हणान.” समोरचा इकडेतिकडे बघून हळूच विचारायचा, “आणि ह्येचो पगार गावता?”

गावत होता, आणि वेळेवर. पण सासऱ्यांची पंचाईत मला कळते. डॉक्टर, मास्तर, तलाठी यांचं काम दिसतं. माझ्या कामाला कागदावर ‘नैसर्गिक संसाधनांचं शाश्वत व्यवस्थापन’ म्हणतात. हे शब्द मी नोकरीत इतके वापरले, की घरात ते उच्चारायला बायकोने बंदी घातली आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, जे लोक समुद्रातून, खाडीतून किंवा रानातून पोट भरतात त्यांच्यात जाऊन बसायचं आणि काय, कुठे, कधी घ्यायचं नाही हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यायचं. ठरवणारे ते. माझ्याकडे चहा पिणं आणि वाट बघणं.

यात गंमत अशी, की वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो मी. लग्नात मी अंतरपाटावरून डोकावलो होतो, हे आरोंद्यात अजून सांगितलं जातं. बसथांब्यावर मी बसत नाही, येरझाऱ्या घालतो. भात शिजेपर्यंत मी झाकण चारदा काढतो आणि बोलणी खातो. अशा माणसाने आयुष्यभर लोकांना ‘थांबा’ सांगायची नोकरी केली.

टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी सर्वांत जास्त काळ होतो. माड, खाजण, उन्हात वाळणारी मासळी, दुपारच्या ओट्यावरच्या गप्पा, सगळं इतकं घरच्यासारखं, की पहिल्या आठवड्यात मी एका म्हातारीशी चुकून मालवणीत बोललो आणि तिने मान डोलावली. तिथे ओहोटीला समुद्रातला खडक उघडा पडतो. बायका काठी घेऊन त्यावरून चालतात आणि कपारीतला ऑक्टोपस ओढून काढतात. त्याला त्यांच्या भाषेत प्वेझा म्हणतात. हा प्राणी फार जगत नाही, पण जगतो तोवर भराभर वाढतो. म्हणून खडकाचा एक भाग काही महिने बंद ठेवला, की उघडताना पोसलेले, जड प्वेझा मिळतात. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळं माणसांना सांभाळणं.

तिथल्या समितीची प्रमुख झुहुरा. अंगाने थोराड, आवाज खणखणीत, आणि घाई नावाची गोष्ट ठाऊक नसलेली. मी काही बोललो की तिचं उत्तर ठरलेलं: “पोले पोले.” म्हणजे हळूहळू. मी तिथे पोचलो तेव्हा हा शब्द मला गोड वाटला होता. सहा महिन्यांनी तो ऐकला की अंगाला मुंग्या येत.

पहिल्यांदा खडक उघडला त्या दिवशी गावात जत्रा होती. ढोल, नवी कापडं, शेजारच्या गावांतून आलेले पाहुणे. ओहोटी लागली आणि सगळे खडकावर. असे प्वेझा त्या बायकांनीही कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. मी फोटो काढत नाचत होतो. आणि भरती येईपर्यंत खडक रिकामा झाला. इतके महिने राखलेलं एका ओहोटीत संपलं. लहान पिल्लंही गेली.

दुसऱ्या दिवशी मी झुहुराला म्हटलं, उघडायचं ते उघडा, पण एक कोपरा कायमचा सोडा. तिथून बीज पसरेल. ती दात कोरत ऐकत होती. मग म्हणाली, “कोणाच्या नावाने सोडू? कोपरा म्हणजे कोणाचाच नाही. जे कोणाचंच नाही, ते आधी संपतं.” मी तिला नकाशा काढून दाखवला, हिशेब समजावला, नंतर प्रत्येक बैठकीत तोच विषय काढला. खडक दरवर्षी बंद झाला, दरवर्षी उघडला आणि दरवर्षी पुसून निघाला. कोपरा काही मला मिळाला नाही. ही रुखरुख घेऊन मी परत आलो.

तिथल्या गमतीजमती पुष्कळ आहेत. एकदा मोठ्या शहरातून साहेब आले आणि त्यांनी कांदळाची रोपं लावली, तीही अशा जागी जिथे भरतीचं पाणी पोचतच नव्हतं. रोपं मेली. पुढल्या वर्षी दुसरे साहेब आले आणि त्यांनी त्याच जागी पुन्हा लावली, कारण फलक तिथे होता. ही गोष्ट मी आपल्याकडे सांगतो तेव्हा कोणी हसत नाही. सगळ्यांना आपापला फलक आठवतो.

परत आल्यावर निवृत्तीत रमणं मला शक्य नव्हतं. आठवडाभर मी घरातल्या कड्या-बिजागऱ्यांना तेल घातलं. मग बायकोनेच सांगितलं, “तुम्ही कुठेतरी जा बघू.” मालवणच्या एका लहानशा संस्थेला माझ्यासारखा माणूस हवा होता, आणि काम निघालं तोंडवलीच्या मागच्या खाडीत. माझ्याच गावच्या पाण्यात.

खाडीत ओहोटीला वाळूचं एक लांबट बेट वर येतं. त्या वाळूत तिसऱ्या मिळतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून बायका पायाने चाचपतात आणि हाताने उकरून काढतात. आमच्या लहानपणी तिसरी म्हणजे मूठभर शिंपली. आता पर्यटकांच्या ताटांना पुरवता पुरवता ती बोराएवढी झाली होती. विळीवर चिरायला घेतली तर बोट आधी कापावं, अशी.

तिथल्या बायकांची पुढारी म्हणजे शेवंतीवयनी. हिच्या सासऱ्यांबरोबर माझे वडील रापण ओढायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने मिळून ओढायचं मोठं जाळं. मासळी वाळूत ओतायची, तिचे वाटे घालायचे आणि ज्याचा त्याने उचलायचा. रापणीतला कोणी आजारी असला, गावाला गेला असला, तरी त्याचा वाटा निघायचा. वडील तापाने पडले की आमचा वाटा वाळूत माडाच्या चुडताखाली झाकलेला असे. मांजराने नेला तर नेला, माणूस हात लावत नसे. मी शाळेतून येताना तो घेऊन यायचो.

शेवंतीवयनी विधवा, मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि घर चालायचं ते तिसऱ्यांवर. खाडी काही महिने बंद ठेवू या म्हटल्यावर ती मला म्हणाली, “भाऊनू, तुमी आफ्रिकेतसून शिकान इलात ता बरा झाला. पण चूल आमची हंय आसा.”

बैठका झाल्या. मी प्वेझाचे फोटो दाखवले, बायकांनी तोंडाला पदर लावला. पुढच्या बैठकीला निम्म्या आल्या. मी अस्वस्थ. संस्थेचे लोक विचारत होते, कुठवर आलं? आणि मी गावातून नुसता फेऱ्या मारत होतो. शेवटी गाडं हललं ते बाबी गावकरांमुळे. ऐंशीच्या घरातले, देवळाचे मानकरी, मला अजून ‘झिला’, म्हणजे पोरा, म्हणणारे. ते बायकांना म्हणाले, “आमच्या बाजूक गावपळण जाता ती ठावक आसा मां? देवान सांगल्यार अख्खो गाव घरा सोडून शिमेभायर ऱ्हवता. गुरां, कोंबडी घेवन. मगे खाडयेन काय घोडा मारल्यान? तिका पण जरा सोडा.”

शेवंतीवयनी पदर खोचून उभी राहिली. मग म्हणाली, “मी ऱ्हवान बगतंय.” ती म्हणाली म्हणून बाकीच्या म्हणाल्या. ती सगळ्यांना जामीन राहिली, हे मला तेव्हाच दिसलं. त्या कोपऱ्याचा विषयही मी लगेच काढून पाहिला. बाबींनी हात आडवा केला: “कायमचा बंद? ता नाय. देवाचा देणा कायमचा बंद करूचा नसता.” आणि शेवंतीवयनी म्हणाली, “आज कोपरो, उद्या सगळीच खाडी. आमच्या चेडवांनी, लेकीसुनांनी काय करूचा?” पुन्हा तेच. मी विषय तिथेच सोडला, पण मनातून तो जाईना. कोपरा न ठेवता उघडली तर उघडण्याच्या दिवशीच बेट साफ होणार, पुढल्या वर्षी पुन्हा बोराएवढ्या तिसऱ्या, आणि जिच्या शब्दावर सगळ्या थांबल्या तिलाच बायका जाब विचारणार.

चतुर्थीचे गणपती गेले आणि देवळात गाऱ्हाणं घातलं. बाबी हात जोडून म्हणाले, “बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली हत. तुझी खाडी तुझ्या सवादीन करतत रे म्हाराजा.” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” “तू कौल देशीत तेवा उघडूची, तवसर कोणी पाय घालूचो नाय रे म्हाराजा.” “व्हय म्हाराजा.”

खाडी बंद झाली. पहारा नाही, दंड नाही, पाटी नाही. आफ्रिकेत ज्यासाठी मी दोन वर्षं ठरावांचे मसुदे घासले, ते इथे नारळ फोडून झालं. शेवंतीवयनी काजूच्या कारखान्यात जायला लागली. ओहोटीला बेट वर यायचं, बायका रस्त्याने जाताना तिकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. मी मात्र रोज काठावर. वाळूत हात घालायची बंदी मलाही होती.

थंडी सरताना खाडी उघडायचं संस्थेने ठरवलं. संस्थेनेच, देवाला कोणी विचारलं नव्हतं. मंडप सांगितला, तारखेचा फलक छापला, मुंबईचे देणगीदार यायचे ठरले, आणि माझ्या हट्टाने टांझानियाहून झुहुराला बोलावलं. ती आली, मालवणच्या बाजारातून फिरली, सुरमईवर हात ठेवून तिने भाव विचारला आणि महाग म्हणून तोंड वाकडं केलं. मला फार बरं वाटलं.

मग कौल लावला. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

मी बाबींना म्हटलं, उद्या परत लावू. दुसऱ्या दिवशी लावला. काहीच पडलं नाही. पाकळ्या दुपारपर्यंत चिकटून. माझी बोटं शिवशिवत होती, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या तयार होत्या. पाणी उतरलं की वाळूवर त्यांच्या श्वासाची भोकं दिसत होती, दाट. बायकांना दिसत होती, मला दिसत होती. शेवंतीवयनीची लेक दिवस भरत आलेली, आणि घरातलं सामान उधारीवर यायला लागलेलं. एक बाई नुसती पाण्यात उतरली असती तर सगळं मोडलं असतं.

“बाबीकाकानू, तिसऱ्यो तयार आसत,” मी म्हटलं. “देवाक कळत नाय?”

“देव तुझ्या हापिसात कामाक नाय, झिला,” बाबी म्हणाले. “दम धर.”

देणगीदार गाडीत बसून राहिले होते. त्यांना मी सांगितलं, ‘स्थानिक पातळीवरची अंतिम मान्यता प्रलंबित आहे.’ एवढं खरं वाक्य मी नोकरीत क्वचितच बोललो असेन. ते निघून गेले. मंडपवाल्याने मंडप सोडला. झुहुरा आणि शेवंतीवयनी मात्र काठावरच्या एका उलट्या होडीवर बसून होत्या. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. झुहुराने आपल्या टाचेवरच्या खडकाच्या जुन्या खुणा दाखवल्या, वयनीने शिंपल्यांनी चिरलेली बोटं दाखवली. मी दुभाषा म्हणून मध्ये घुसलो तर झुहुरा म्हणाली, “तू जरा लांब जा. तू आलास की वारा सुटल्यासारखं होतं.”

तिच्या परतीचा दिवस आला. कौल नव्हता. देणगीदारांनी मुंबईला बोलावलं होतं, समजावून सांगा म्हणून. बाबी म्हणाले, “दम धर. नको जावू.”  पण मला बसवेना. मी झुहुराला घेऊन कणकवलीला गाडीत बसलो.

मुंबईत मी वातानुकूलित खोलीत देवाची बाजू मांडत होतो, तेव्हा वयनीच्या लेकीचा फोन आला. माझी गाडी सुटली त्याच सकाळी उजवा कौल मिळाला होता. आणि तिला मुलगी झाली होती, तीही त्याच दिवशी. “आवय खाडयेत होती,” ती हसत म्हणाली. “माका सुईणीकडे सोडून.”

आयुष्यात मी कितीतरी खडक, खाड्या, रानं उघडताना पाहिली. माझ्या गावची खाडी उघडली तेव्हा मी नव्हतो. याचं मला अजून वाईट वाटतं, आणि वाटत राहील.

मिळेल त्या गाडीने परतलो. मालवणला उतरलो तर मासळीबाजारात तिसऱ्यांचे ढीग. मूठभर तिसऱ्या, लहानपणच्या. विकणाऱ्या तोंडवलीच्याच. बघून आधी हरखलो आणि लगेच मनात हिशेब सुरू झाला. एवढ्या इथे आहेत, तर तिथे काय उरलं? मी रिक्षा केली आणि वाटभर रिक्षावाल्याला घाई केली.

शेवंतीवयनी दारच्या खळ्यात नातीला मांडीवर घेऊन ऊन दाखवत होती. मला बघून हसली नाही.

“सगळा संपला?” मी उभ्यानेच विचारलं.

“संपतला नाय तर काय. बायलो काय बगीत बसतले?” मग म्हणाली, “तुमी खंय होतात? सगळ्यांचे वाटे झाले. तुमचो ऱ्हवलो.”

“माजो कसलो वाटो?”

“कसलो म्हंजे? इतके म्हयने तुमी पण ऱ्हवलात मां वाट बगीत. तिसऱ्यो काडून ठेवल्यार मरतत. म्हणान थंयच ठेवलो. कोणाक हात लावूक देवक नाय.” आणि तिने आपली टोपली माझ्या हातात दिली.

ओहोटी होती. मी पायजमा वर करून पाण्यात शिरलो. बेटावरची वाळू जिकडेतिकडे उकरलेली, पार साफ. पण खाडीच्या तोंडाकडच्या टोकाला चार बांबू रोवलेले. त्यांच्या मधली जागा वयनीच्या खळ्याएवढी असेल. बांबूंना बांधायला चिंध्या मिळाल्या नव्हत्या, म्हणून आमचा छापलेला फलक फाडून त्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या. एकीवर ‘उद्घा’ एवढंच उरलं होतं. आत पाय टाकला तर तळव्याखाली तिसऱ्याच तिसऱ्या, उभ्या राहायला वाळू नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. एकशिपी, म्हणजे एका शिंपीसकट शिजवलेल्या तिसऱ्या, ओल्या खोबऱ्यात, वर कोकम.

मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. मला झुहुराचं बोलणं आठवलं, कोणाच्या नावाने सोडू? हा कोपरा कोणाचाच नसता तर पहिल्याच ओहोटीत गेला असता. तो माझा होता म्हणून राहिला. आणि मी नेला नाही तोवर राहणार होता.

रिकामी टोपली घेऊन मी परत आलो. वयनीला म्हटलं, “आज नको, वयनी. घराकडे कोण नाय. एकट्याक कित्याक?” ती म्हणाली, “बरा. कधीय न्या. खंय जातत ते?”

पुढे खाडी दरवर्षी बंद झाली आणि कौलानेच उघडली. दरवर्षी त्या टोकाला बांबू असतात. दरवर्षी वयनी विचारते आणि मी काहीतरी सांगतो. एकदा पोट बिघडलेलं होतं, एकदा संकष्टी आली, एकदा डॉक्टरांनी शिंपल्या बंद केल्या. बेट दरवर्षी पुन्हा भरतं. त्याचं श्रेय संस्था अहवालात स्वतःला देते, देऊ दे. वयनीला सगळं कळतं की काय, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागेल.

आता एकच घोर आहे. मी बाबींना विचारलं होतं, माणूस गेल्यावर वाट्याचं काय? “झिलाक जाता,” ते म्हणाले. माझा मुलगा पुण्यात असतो आणि तिसऱ्या म्हटल्यावर ताटावरून उठत नाही. त्याला सगळं समजावून सांगायला हवं. दर सुट्टीत ठरवतो आणि राहून जातं. उतावळेपणात तो माझ्यावर गेलाय, हीच भीती आहे. या लेखाचं निमित्त करून इथेच सांगतो: बाळा, खाडीत आपला वाटा आहे. तो आपला आहे हे कधी विसरू नकोस, आणि तो कधी आणू नकोस.

परवा वयनी नातीला घेऊन आमच्या दारावरून जात होती. फाटकाशी थांबली.

“भाऊनू, औंदा तरी वाटो नेतलात मां? म्हातारे झालात.”

भात चुलीवर होता, त्याच्या वासाने एकशिपी आठवली. घरात पाहुणे होते, पोट ठीक होतं, संकष्टीही नव्हती.

“येतंय, वयनी,” मी म्हटलं. “जरा दम धरा.”